मुलांच्या मनाचे फॉर्म: कोणता टेबलावर ठेवावा, कोणता कपाटात

बालरोग आणि किशोर विभागात मी समुपदेशक आहे. माझ्या टेबलावर रोज जे कागद भरून येतात, त्यांच्याबद्दल हे लिहितेय: पीएचक्यू-ए, स्केअर्ड, एसडीक्यू, एएसक्यू, पीएससी-१७ आणि त्यांची भावंडं. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: या मुलांच्या मानसिक त्रासाच्या पहिल्या चाचपणीच्या, म्हणजे स्क्रीनिंगच्या, प्रश्नावल्या. एक पान किंवा दोन पानं प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला ‘अजिबात नाही’ ते ‘जवळजवळ रोज’ अशी ठरलेली उत्तरं आणि शेवटी बेरीज. बेरीज एका ठरलेल्या आकड्याला, म्हणजे कटऑफला, पोचली की स्क्रीनिंग पॉझिटिव्ह. त्याचा अर्थ एवढाच की या मुलाशी कुणीतरी जाणकाराने बसून नीट बोलायला हवं. निदान त्यानंतर होतं किंवा होतही नाही.

माझी एक खोड आधीच सांगते, म्हणजे पुढची मतं कुठून येतात ते कळेल. बेरीज मी सगळ्यात शेवटी बघते. त्याआधी मुलाचा कागद आणि पालकांचा कागद शेजारी ठेवते आणि दोघं कुठे वेगळं बोलतायत ते शोधते. ज्या फॉर्ममध्ये ही सोय आहे त्याला माझ्याकडून जास्त गुण. जो फॉर्म फक्त एक आकडा हातात टेकवतो, तो कितीही नावाजलेला असो, माझं त्याच्याशी फारसं जमत नाही.

पण आकडेवाल्यापासूनच सुरुवात करायला हवी, कारण सगळीकडे तोच पहिला हातात पडतो. पीएचक्यू-९ हा मोठ्यांसाठीचा नैराश्याचा फॉर्म २००१ मध्ये आला. पीएचक्यू-ए ही किशोरवयीनांसाठी थोडी बदललेली आवृत्ती. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त २७. वापरायला फुकट, परवानगीची भानगड नाही, आणि बारा-तेरा वर्षांचं मूल कुणाची मदत न घेता पाच मिनिटांत भरून मोकळं होतं. बदल लहान आहेत पण विचार करून केलेले आहेत. उदास आणि निराश वाटण्याच्या प्रश्नात चिडचिडेपणाची भर घातलीय. या वयात नैराश्य कित्येकदा रडण्यातून दिसतच नाही. ते दार आपटण्यातून, धाकट्या भावंडावर खेकसण्यातून दिसतं. ही एक भर नसती तर माझ्यासमोर बसलेली निम्मी मुलं ‘मी कुठे उदास आहे?’ म्हणत शून्यावर खूण करून गेली असती. नऊ प्रश्नांनंतर, या सगळ्यामुळे अभ्यास, घरातली कामं, माणसांशी वागणं किती अवघड झालंय असा एक प्रश्न येतो. तो बेरजेत धरत नाहीत, म्हणून बरेच जण त्याच्याकडे बघतही नाहीत. मी बघते. बारा गुण आणि ‘अजिबात अवघड नाही’, आणि बारा गुण आणि ‘अतिशय अवघड’, ही दोन वेगळी मुलं असतात.

आता तक्रारी. पहिली फॉर्मबद्दल नाही, तो वापरणाऱ्यांबद्दल आहे. १३ ते १७ वयाच्या ४४२ मुलांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पीएचक्यू-९ साठी ११ हा कटऑफ धरल्यावर, मोठं नैराश्य (मेजर डिप्रेशन) असलेल्यांपैकी ८९.५ टक्के मुलं सापडली आणि नसलेल्यांपैकी ७७.५ टक्के बरोबर बाजूला निघाली. ऐकायला झकास वाटतं. पण जरा हिशेब करून बघा. समजा हजार मुलांनी फॉर्म भरला आणि त्यातल्या शंभरांना खरोखर नैराश्य आहे. त्यातली नव्वद आपल्याला सापडली. उरलेल्या नऊशेंपैकी मात्र दोनशेच्या वर मुलं उगाचच पॉझिटिव्ह आली. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या तिघांमधल्या साधारण एकालाच नैराश्य आहे. मग स्कोअर हातात आल्या आल्या पालकांना ‘डिप्रेशन निघालंय’ म्हणून सांगणाऱ्या डॉक्टरांना काय म्हणावं? निघालं काहीच नाहीये अजून. रक्त तपासायला दिलं होतं का?

दुसरी तक्रार खास माझ्या जागेवरून. माझ्याकडे येणारी बरीचशी मुलं शरीराच्या दुखण्यासाठी आलेली असतात: दमा, मधुमेह, किडनीचे त्रास, लांबलेले ताप. पीएचक्यूचे चार प्रश्न झोप, थकवा, भूक आणि मंदावलेल्या किंवा अस्वस्थ हालचाली यांचे आहेत. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्या मुलाची भूक खवळलेली आणि झोप उडालेली असणारच. या चार प्रश्नांतच बारा गुण गोळा होऊ शकतात आणि मूल मनाने ठणठणीत असतानाही कटऑफ पार करतं. उलटही होतं, की ‘आजारामुळे असेल’ म्हणून सगळंच सोडून दिलं जातं.

अशा मुलांसाठी मी एमएफक्यू या नैराश्याच्याच दुसऱ्या फॉर्मची छोटी आवृत्ती काढते. तेरा विधानं, खरं, कधीकधी खरं किंवा खरं नाही, आणि काळ तोच दोन आठवड्यांचा. थकव्यावर आणि अस्वस्थतेवर एकेक विधान आहे, पण झोप आणि भूक अजिबात नाही. भर आहे तो मूल स्वतःबद्दल काय विचार करतंय त्यावर: मला स्वतःचा तिरस्कार वाटला, मला एकटं वाटलं, माझ्यावर कुणाचं खरं प्रेम नाही असं वाटलं, मी सगळं चुकीचंच करतो. पालकांसाठी वेगळा कागदही आहे, म्हणून माझी खोडही भागते. फक्त एक लक्षात ठेवा, या छोट्या आवृत्तीत आत्महत्येबद्दल एकही प्रश्न नाही. ती एकटी वापरून समाधान मानू नका.

त्या विषयावर आलोच आहोत तर पीएचक्यूचा नववा प्रश्न. ‘मेलेलं बरं’ असे विचार आणि स्वतःला इजा करण्याचे विचार एकाच वाक्यात कोंबलेत. मुलाने ‘काही दिवस’ वर खूण केली तर नेमकं कशाला हो म्हटलं, ते कागदावरून कळायला मार्ग नाही. आणि मागचे दोन आठवडे बरे गेले असतील तर तीन महिन्यांपूर्वीचा प्रयत्न या नऊ प्रश्नांत कुठेच उमटत नाही. काही आवृत्त्यांत शेवटी गेल्या महिन्यातल्या विचारांबद्दल आणि आयुष्यात कधी केलेल्या प्रयत्नाबद्दल वेगळे प्रश्न जोडलेले असतात. छापताना पान वाचवायला तेच कापणारी ठिकाणं मी पाहिली आहेत.

म्हणूनच एएसक्यू, आत्महत्येच्या जोखमीसाठीचा फॉर्म. या सगळ्या गोतावळ्यातला माझ्या मते सर्वांत नेमका फॉर्म, पाचपैकी पाच. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने तो मुलांच्या आपत्कालीन विभागांसाठी तयार केला. चार सरळ हो-नाही प्रश्न: गेल्या काही आठवड्यांत मरून जावंसं वाटलं का, तू नसतास तर तुझं किंवा घरच्यांचं बरं झालं असतं असं वाटलं का, गेल्या आठवड्यात स्वतःला संपवण्याचे विचार आले का, आजवर कधी तसा प्रयत्न केलास का. चारही ‘नाही’ असतील तर काम संपलं. एकही ‘हो’ आला की पाचवा प्रश्न: आत्ता, या क्षणी असे विचार मनात आहेत का? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात १० ते २१ वयाचे ५२४ पेशंट होते. जोखीम असलेल्यांपैकी ९६.९ टक्के या चार प्रश्नांत सापडले. विचारायला वीसेक सेकंद लागतात.

मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे उत्तर द्यायला नकार दिला तरी तो पॉझिटिव्ह धरतात. ज्याने हा नियम घातला त्याने किशोरवयीन मुलं जवळून पाहिली असणार. आणि पालकांना बाहेर थांबायला कसं सांगायचं, त्याची वाक्यंसुद्धा सोबत दिलेली आहेत. हे क्षुल्लक वाटेल, पण नव्या सिस्टरची सगळ्यात मोठी अडचण तीच असते. आई शेजारी बसलेली असताना ‘मरावंसं वाटतं का’ याला कोण हो म्हणेल?

दर वेळी कुणीतरी विचारतंच: असं सरळ विचारून आपण मुलाच्या डोक्यात नको ते भरवत नाही का? नाही. शाळकरी मुलांवर नेमका हाच प्रश्न तपासणारा अभ्यास २००५ मध्ये झाला. काही मुलांना आत्महत्येबद्दल विचारलं, काहींना नाही, आणि नंतर दोघांची तुलना केली. विचारलेल्यांमध्ये ना विचार वाढले ना त्रास. ज्या मुलांना आधीच नैराश्य होतं किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, ती उलट जरा कमी त्रासात दिसली.

एएसक्यू वापरण्यापूर्वी एक तयारी मात्र हवी. पाचव्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर त्या मुलाला एक क्षणही एकटं सोडायचं नाही, धोकादायक वस्तू दूर करायच्या, आणि पूर्ण तपासणी त्याच भेटीत करायची. ती करणारा माणूस हजर असायला हवा. नुसत्या चार प्रश्नांत ‘हो’ असेल तरी मूल घरी जाण्याआधी थोडक्यात सुरक्षिततेची तपासणी हवीच. ही साखळी बांधलेली नसेल तर आधी ती बांधा.

आता माझा लाडका. स्केअर्ड. चिंतेच्या आजारांसाठी, ८ ते १८ वय, ४१ प्रश्न, मागचे तीन महिने. मुलाचा एक कागद, पालकांचा एक, प्रश्न तेच. एकूण २५ किंवा त्याहून जास्त आलं तर चिंतेचा आजार असू शकतो, पण खरी गंमत आतल्या पाच कप्प्यांत आहे: घबराट आणि शारीरिक लक्षणं, सततची काळजी, आईवडिलांपासून दूर होण्याची भीती, लोकांसमोर येण्याची भीती आणि शाळा टाळणं. प्रत्येकाचा कटऑफ वेगळा. शाळेच्या कप्प्यात चारच प्रश्न आहेत आणि तीन गुण मिळाले की आम्ही कान टवकारतो.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. चौदा वर्षांचा मुलगा, महिनोन्महिने पोटदुखी, सोनोग्राफीपासून सगळं करून झालेलं, सगळं नॉर्मल. आई म्हणाली, “मॅडम, घरी हा अगदी मजेत असतो हो. फक्त सकाळी पोट दुखतं.” दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून कागद दिले. आईचा एकूण आकडा ११, मुलाचा ३४. शाळेत पोट दुखतं या ओळीवर दोघांच्याही खुणा शेवटच्या रकान्यात, त्यावर एकमत. फाटा फुटला तो लोकांसमोरच्या भीतीच्या कप्प्यात. इतर बघत असताना काहीतरी करून दाखवावं लागलं की भीती वाटते, या विधानाला आईने शून्य दिलं होतं आणि मुलाने दोन. मी आकडे बाजूला ठेवले, तेवढ्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे कधी होतं रे?” तो म्हणाला, “मोठ्याने वाचायला उभं करतात तेव्हा.” मग बराच वेळ तोच बोलत होता. पोटाच्या सोनोग्राफीत हे दिसलं नसतं.

असा फरक आला की लोक विचारतात, मग खरं कुणाचं? खरं दोघांचंही. आतल्या आत चालणाऱ्या गोष्टी, भीती, काळजी, उदासी, या मुलं जास्त सांगतात आणि पालकांना कमी दिसतात. भांडणं, उलट बोलणं, नियम मोडणं हे पालकांना जास्त दिसतं आणि मुलं ते कमी मांडतात. फरकाची दिशा कळली की पुढचं संभाषण कुठून सुरू करायचं ते कळतं. दोन आकड्यांची सरासरी काढणारे महाभाग मला भेटले आहेत. त्यांनी त्या मुलाला साडेबावीस देऊन घरी पाठवलं असतं.

स्केअर्डचा दोष लांबी. ४१ प्रश्नांत लहान मुलांचा धीर सुटतो आणि विसाव्या प्रश्नानंतर काहीजण सरळ मधल्या रकान्यात खुणांची रांग लावतात. आठ ते अकराच्या मुलांसोबत कुणीतरी मोठं बसून प्रश्न समजावून द्यावेत अशी सूचना फॉर्मवरच असते. ती पाळा, फक्त ते मोठं माणूस पालक नसेल असं बघा. घाई असेल तेव्हा मोठ्या किशोरांना जीएडी-७ हा चिंतेचाच छोटा फॉर्म चालतो. सात प्रश्न, जास्तीत जास्त २१ गुण, दहा किंवा त्याहून जास्त आले तर लक्ष द्यायचं. कशाची काळजी ते तो सांगत नाही, काळजी आहे एवढंच सांगतो.

एसडीक्यू १९९७ चा, २५ विधानं, भावना, वागणूक, चंचलता, मित्रमंडळी आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती असे पाच गट. पालक आणि शिक्षक दोघांसाठी आहे, आणि ११ च्या पुढच्या मुलांसाठी स्वतः भरायचा वेगळा. तीन बाजूंनी एकच मूल बघायला मिळतं, आणि त्यात शिक्षकांचा कागद घरी न दिसणारं खूप काही दाखवतो. मुलाच्या चांगल्या गोष्टी विचारणारा हा विरळा फॉर्म. त्यामुळे तो भरताना पालकांचा चेहरा पडत नाही, हे मी नेहमी बघते. मागच्या पानावरचा जोड भाग तर न चुकता द्या. त्रास किती दिवसांपासून आहे, त्याने घरात, मैत्रीत, अभ्यासात किती अडतंय, हे तिथे कळतं. गुण मोजणं मात्र डोकेदुखी. पाच विधानं उलट मोजायची असतात. ‘एक तरी चांगला मित्र आहे’ ला ‘अगदी खरं’ म्हटलं तर शून्य, आणि मदतीच्या गटाचे गुण एकूण ४० मध्ये धरायचेच नाहीत. वर ठेवून मोजायचा पारदर्शक कागद किंवा मोजणीचा तक्ता जवळ नसेल तर घोळ ठरलेला. पालकांचा कटऑफ वेगळा, मुलाचा वेगळा, शिक्षकांचा वेगळा: पालकांच्या कागदावर १७ पासून वरचं चिंताजनक, मुलाच्या स्वतःच्या कागदावर २०, शिक्षकांच्या १६. आणि हो, कागदावर विनामूल्य असला तरी परवानगीशिवाय तो ॲपमध्ये टाकता येत नाही.

पीएससी-१७ हा सतरा विधानांचा सर्वसाधारण फॉर्म, पालकांनी बाहेर बाकावर बसून दोन मिनिटांत भरावा असा. कटऑफ एकूण १५, मनातल्या त्रासासाठी ५, लक्ष आणि वागणूक यांना प्रत्येकी ७. चंचल मुलं छान पकडतो. चिंतेबद्दल मात्र ‘खूप काळजी करतो’ एवढं एकच विधान, तेव्हा माझ्या त्या पोटदुखीच्या मुलाच्या आईने यावर काय खूण केली असती ते तुम्हीच बघा. गर्दीच्या ओपीडीत काहीच नसण्यापेक्षा बरा. व्यसनांसाठीचा क्राफ्ट १२ ते २१ वयासाठी चांगला आहे, पण गुप्ततेबद्दल आधी स्पष्ट बोलला नाहीत तर सगळ्यांची उत्तरं संतासारखी येतात. व्हँडरबिल्ट एडीएचडीपुरता (लक्ष न लागणं, अतिचंचलता), ६ ते १२ वय, शिक्षकांच्या फॉर्मशिवाय वापरू नये. विकत घ्यावे लागणारे मोठे फॉर्मही आहेत, सव्वाशेच्या आसपास प्रश्नांचे. ते स्क्रीनिंगला नकोत, मानसोपचारतज्ज्ञांकडे राहू द्यावेत.

टॅबलेटवरच्या सॉफ्टवेअरबद्दल मन मोकळं करायलाच हवं. मी वापरलेल्या एका प्रणालीत मूल प्रतीक्षा कक्षात फॉर्म भरायचं, प्रणाली बेरीज करून हिरवा, पिवळा, लाल ठिपका दाखवायची, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बघायला चार वेळा क्लिक करावं लागायचं. एकूण सहा गुण असलेल्या मुलीचा नववा प्रश्न ‘जवळजवळ रोज’ असला तरी तिचा ठिपका पिवळाच. सहा म्हणजे सौम्य ना! अहवाल डॉक्टरांनी उघडेपर्यंत पेशंट घरी गेलेला. मुलाचे आणि पालकांचे कागद शेजारी शेजारी दाखवायची सोय तर नव्हतीच. बनवणाऱ्यांना सांगितलं तर म्हणाले की डॉक्टरांना साधा डॅशबोर्ड आवडतो. आवडतो, खरंय. आम्ही पुन्हा कागदावर आलो आणि नवव्या प्रश्नाची ओळ छापतानाच ठळक चौकटीत टाकली. कागद परत घेणारी व्यक्ती आधी ती चौकट बघते, मूल अजून खुर्चीत असताना.

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०२२ मध्ये १२ ते १८ वयासाठी नैराश्याचं आणि ८ ते १८ साठी चिंतेचं स्क्रीनिंग करावं अशी शिफारस केली. आत्महत्येच्या जोखमीसाठी सरसकट स्क्रीनिंग करावं की नाही याला पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनी त्याच वेळी म्हटलं. पुराव्याच्या अंगाने त्यांचं बरोबर असेल, पण माझ्या टेबलावरून एएसक्यू हलणार नाही.

नव्याने सुरू करत असाल तर माझी मांडणी अशी: बारा वर्षांपुढच्या प्रत्येकाला एएसक्यू आणि पीएचक्यू-ए, पालक बाहेर असताना. लांबलेला आजार असेल तर पीएचक्यूऐवजी छोटा एमएफक्यू. कारण न सापडणारी डोकेदुखी, पोटदुखी, शाळा बुडणं यांना स्केअर्डचे दोन्ही कागद. वागणुकीची तक्रार घेऊन आलेल्यांना एसडीक्यू, शिक्षकांच्या कागदासकट. उपचार सुरू झाल्यावर पीएचक्यू पुन्हा भरून घ्या. पाच गुणांचा फरक पडला तर तो खरा बदल समजतात, एक-दोन गुणांवरून औषध बदलायला धावू नका. आणि फॉर्म भरून घेणारीला कागद वाचायला दहा मिनिटं मोकळी ठेवा. ती वेळापत्रकात बसत नसतील तर दिवसाला कमी मुलांचे फॉर्म घ्या.